सागाखाली, भरपूर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाले, "सिस्टर, दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा. तुमचं आयुष्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात गेलं. एखादा वाघाचा असेल तर उत्तमच." चंद्रपूरच्या माणसाला लोक वाघाशिवाय दुसरं काही विचारतच नाहीत. मी वाघ एकदाच पाहिला, एस.टी.च्या खिडकीतून, आणि तोही पाठमोरा. लघवीची पिशवी मात्र चौतीस वर्षं रोज पाहिली, अगदी समोरून. तेव्हा ज्यांना वाघ हवा असेल त्यांनी पुढचं पान उलटावं. आणि चिवड्याची बशी घेऊन वाचायला बसला असाल तर आधी ती संपवा.

तर ती पिशवी. मोठं ऑपरेशन झालं, त्यातून माणूस म्हातारा असला, की लघवीच्या वाटेनं एक बारीक रबरी नळी आत सरकवतात. ती मूत्राशयात पोचली की तिच्या टोकाचा इवलासा फुगा पाण्यानं फुगवायचा, म्हणजे नळी निसटत नाही. दुसरं टोक पलंगाच्या कडेला टांगलेल्या पिशवीत. माणूस झोपलेला असो की कण्हत असो, लघवी आपली आपण पिशवीत उतरते. ऐकायला सोपं वाटतं. नळी घालायला मी महिन्याभरात शिकले. ती काढावी कधी, हे शिकायला निम्मी नोकरी गेली.

नोकरीला लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. टोपीला इतक्या पिना लावायची की वादळ आलं असतं तर डोकं उडालं असतं, टोपी जागच्या जागी राहिली असती. पहिल्याच महिन्यात चामोर्शीकडचे एक आबाजी पोटाच्या ऑपरेशननंतर माझ्या वाट्याला आले. त्यांच्या पलंगाखाली घरचे सगळे डबे, चटया, नातवंडं. येता-जाता कुणाचा ना कुणाचा पाय पिशवीला लागायचा. मी विचार केला, बुद्धी वापरली, आणि ती पिशवी उचलून गॉजच्या पट्टीनं सलाईनच्या स्टँडला वरती बांधून टाकली. एका बाजूला सलाईन, दुसऱ्या बाजूला लघवी. दोन्ही एका रेषेत. मला तर ते देवळातल्या घंटांसारखं शोभिवंत दिसलं.

इन्चार्ज सिस्टर दुपारी आल्या. जाड भिंगाचा चष्मा, आवाज हळू. बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या.

"हे डोकं कोणाचं?"

"माझं," मी ताठ मानेनं सांगितलं.

"मग आज ते कुठी ठेवून आली होती? लघवीले पंख असतेत काय वर उडून जाले?"

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी. वर टांगली की साचलेली घाण उलटी माणसाच्या पोटात जाते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. संध्याकाळी आबाजींना थंडी भरली, पलंग हलायला लागला. आठवडाभर इंजेक्शनं घेतली तेव्हा कुठे बरे झाले. जाताना माझ्या टोपीवर हात ठेवून म्हणाले, "खूप झटली पोरगी माह्यासाठी." ती थंडी मीच भरवली होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. ते वाक्य कुठे ठेवावं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर पिशवी खाली आली, पण मी काही लगेच शहाणी झाले नाही. नळी असली की गादी ओली होत नाही, म्हाताऱ्याला उठवावं लागत नाही, भांडं द्यावं लागत नाही. नळी म्हणजे सिस्टरची सुट्टी. शिवाय ती काढायचा हुकूम डॉक्टरांचा. आमच्या दवाखान्यात (त्याचं नाव लिहीत नाही, आमच्या भागातल्यांना माहीत आहे) हाडांचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. मंगळवारी विसरले की नळी शुक्रवारपर्यंत आत. आणि नळी जितके दिवस आत, तितकं जंतूंना वर चढायला जिना बांधून दिल्यासारखं. हाड नीट जुळायचं आणि माणूस लघवीच्या तापानं फणफणायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं.

पुढे इन्चार्जची खुर्ची माझ्याकडे आली आणि हाडांचे नवे डॉक्टर आले, तेही मंगळवार-शुक्रवारचेच. पुण्याकडचे, मोजूनमापून बोलणारे. मी त्यांना म्हटलं, "साहेब, रोज सकाळी प्रत्येक नळीपुढे उभं राहून आम्हीच विचारू, हिची आज गरज आहे का. नसेल तर आम्हीच काढू. तुमची वाट कशाला बघायची?" त्यांनी आठवडाभर विचार केला आणि नियम लिहून दिले. कधी काढायची, किती पाणी पाजायचं, किती तास थांबायचं, लघवी झाली तर किती झाली ते मोजायचं, नाही झाली तर काय करायचं. तो कागद मी औषधांच्या कपाटावर चिकटवला. आता सगळं ठीक होणार अशी माझी खात्री होती. वय वाढलं होतं, पिना गेल्या होत्या, खात्री मात्र बावीस वर्षांचीच.

डुंगा आजा आला तो त्या मार्चमध्ये. अहेरीच्याही पुढचं, जंगलातलं आदिवासींचं गाव. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सोबत मुलगी, जैनी. चाळिशीची, सडसडीत, मराठी चांगली बोलायची. आजाला मराठी यायची, पण तो ती पाहुण्यासाठी राखलेल्या वाटीसारखी क्वचितच बाहेर काढायचा. आल्या आल्या नळी घातली, मंगळवारी खुब्यात सळई बसवली. शुक्रवारी सकाळी, ऐन राउंडच्या वेळी, कागदावरच्या नियमानं नळी काढायचं ठरलं. काढली. दुपारपर्यंत लघवी नाही. पोट टम्म. डॉक्टरांना परतायची घाई, नळी पुन्हा आत.

"वाटेवरची गाठ वाढली असणार," डॉक्टर म्हणाले. म्हाताऱ्या पुरुषांमध्ये ती वाढते आणि लघवी अडवते, यात काही चूक नव्हतं. "आणखी एकदा काढून बघू. नाही झाली तर नळीसकट घरी सोडू आणि नागपूरला पत्र देऊ."

जैनीनं हे ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. "बाई, नागपूरले हा मेला तरी जात नाई. अन् नळी घेऊन घरी आला ना, तर विळ्यानं कापून फेकते. मी वळखते माह्या बापाले."

नळी बाहेरून कापली तर आतला तुकडा फुग्यासकट वर जाऊन बसू शकतो, आणि ओढली तर वाट फाटते. त्या गावातून आमच्याकडे यायला एक नाला, एक जीप आणि एक एस.टी. लागत होती. नियमानं महिन्याभरात नळी बदलायची, ती तिथे कोण बदलणार होतं?

मी डॉक्टरांना म्हटलं, "राउंडच्या गडबडीत नको. सोमवारी सकाळी मी काढते. दिवसभर मी आहे."

"चार वाजेपर्यंत," ते म्हणाले. "नाही झाली तर परत घाला. मंगळवारी मी येतो तेव्हा नागपूरचं पत्र तयार ठेवतो."

सोमवारी साडेआठला मी फुग्यातलं पाणी सिरिंजनं ओढून घेतलं आणि नळी अलगद बाहेर काढली. आजानं डोळे मिटून श्वास सोडला. "गेला साप," म्हणाला.

पाणी पाजलं. शहाण्या मुलासारखा प्यायला. दहा वाजता मी विचारलं, "लागली काय, आजा?"

"नाई."

अकरा वाजता विचारलं.

"हाव."

मी आनंदानं भांडं पुढे केलं. त्यानं भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, लाजला. पडदा लावला. पडद्याआडून पंधरा मिनिटांनी भांडं कोरडंच बाहेर आलं. मग मामाला बोलावलं. वॉर्डातल्या मदतनिसाला आमच्याकडे मामाच म्हणतात, आणि आमचा मामा माझ्याइतकाच जुना. दोघांनी मिळून आजाला चाकांच्या खुर्चीत बसवलं, संडासात नेलं, वॉकर धरून उभं केलं. पाण्याचा आवाज ऐकला की लघवी सुटते, ही आमची जुनी युक्ती. एक नळ सोडला. मग दुसरा सोडला. मामानं दाराबाहेर उभं राहून लहान पोरांना करतात तसं 'शूऽऽ' सुरू केलं. छतावरची टाकी अर्धी रिकामी झाली, आजा मात्र भरलेलाच.

साडेबाराला वॉर्डात डबे उघडले. शेजारच्या पलंगावरच्या भाऊंनी वांग्याची भाजी आणि भाताचा ढीग पुढे घेतला. भला माणूस, आजालाही विचारलं, "घेता काय थोडं?" आजा भिंतीकडे तोंड करून पडला होता. कपाळावर घामाचे थेंब. मी बेंबीखाली तळहात टेकवला. भरलेलं मूत्राशय हाताला लागतं, कच्च्या नारळासारखं, गोल आणि घट्ट. ते वर वर येत होतं. फार वेळ तसं ठेवणंही धोक्याचं.

एक वाजून गेला. चारची मुदत डॉक्टरांची होती, पण पोट चारपर्यंत थांबणार नव्हतं. मी ट्रे तयार केला. नवी नळी, हातमोजे, सिरिंज. जैनीनं ट्रे पाहिला आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिली. आपलं गाठोडं बांधायला लागली.

ते गाठोडं बघून मी ट्रे खाली ठेवला आणि स्टूल ओढून बसले. खरं सांगते, पेशंटजवळ नुसतं बसायची मला सवय नव्हती. आम्ही पलंगापाशी उभ्याच असतो, बोलतो तेही पुढच्या पलंगाकडे बघत.

"आजा, लागली तर हाये."

"हाव."

"दुखून राह्यलं काय?"

"हाव."

"मग काऊन नाई करत?"

त्यानं डोळे वर नेऊन छपराकडे पाहिलं. मग शेजारच्या भाऊंच्या डब्याकडे. मग पलंगांच्या रांगेकडे.

"इथी माणसं जेवतेत," तो म्हणाला. "इथीच निजतेत. अशा छपराखाली कोणी करते काय, बाई? तुमी तुमच्या घरी करता काय?"

माझ्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला भिंत लागून संडास आहे. मी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"पण इतके दिवस तर होत होती ना."

"ते नळीनं केलं. मी कुठी केलं?"

"अन् शुक्रवारी?"

"शुक्रवारीबी छप्पर हेच होतं."

"अजी, मग सांगतलं काऊन नाई?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वॉर्डातली सगळ्यात मंद पेशंट आहे. "तुमी पुसलं, लागली काय. लागली होती, मी हाव म्हणलं. कुठी जाता, असं कोणी पुसलं?"

कपाटावरच्या कागदावर सगळं होतं. पाणी किती, तास किती, मोजमाप किती. हे नव्हतं.

"मामा, गाडी काढ," मी म्हटलं.

मागच्या दारानं आम्ही बाहेर पडलो. पुढे मामा, खुर्चीत आजा, मागे जैनी वॉकर खांद्यावर घेऊन, आणि मी एका हातात मोजायचं भांडं, दुसऱ्या हातात छत्री. दवाखान्याच्या मागे मोहाचं एक मोठं झाड आहे. खोड रुंद, बाजूला भिंत, कोणाची नजर नाही. मी खुर्ची तिथे लावायला सांगितली आणि मोठ्या दिमाखात म्हटलं, "घ्या आजा. छप्पर नाई, काई नाई."

आजा खाली बघत होता. झाडाखालची जमीन स्वच्छ झाडलेली होती.

"कोणाचा हा मोह?"

"सरकारचा," मी म्हटलं.

"सरकार येते काय फुलं वेचाले?"

मामा पुटपुटला, "धुण्याची मावशी वेचते सकाळी."

"मग तिच्या मोहाखाली करू?"

मी या भागात इतकी वर्षं काढली होती. त्यांच्या गावांत मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं, ते कुठेही उभं असो. खालची जागा झाडून ठेवतात, पहाटे पडलेली फुलं वेचतात, वाळवतात, वर्षभर खातात. हे मला ठाऊक होतं, मी स्वतः त्या फुलांची भाकर खाल्ली होती. आणि मी त्या माणसाला स्वयंपाकघरातून उचलून थेट दुसऱ्याच्या ताटापाशी आणून उभं केलं होतं. बावीस वर्षांची ती पिनावाली पोरगी अजून माझ्यात शाबूत होती.

जनरेटरच्या शेडमागे एक साग आहे. तिथवर मुरूम टाकलेला, खुर्चीची चाकं रुतत होती. मामा ओढत होता, जैनी ढकलत होती, आजा दर हिसक्याला डोळे मिटत होता. मला एकच भीती, पोट फार ताणलं तर आपली आपण लघवी व्हायची वेळही निघून जाते. पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मार्चातला साग, सगळी पानं खाली. सुपाएवढाली, वाळून कडक झालेली.

आजानं वर पाहिलं. "हा कोणाचा?"

मी उत्तर द्यायच्या आधीच मामा म्हणाला, "फॉरेस्टवाल्यांचा."

आजाच्या तोंडावर सहा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "मग चालते," तो म्हणाला.

वॉकरला धरून उभा राहिला. मामा मागून कंबर सांभाळत होता, मी कोपर धरलं होतं. भांडं पुढे करू लागले तर त्यानं मानेनंच नको म्हटलं, मीही हट्ट केला नाही. तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, येथे लघवी करू नये. ती पाटी इन्चार्ज झाल्या झाल्या मीच रंगवून घेतली होती.

काही होईना. एक जीप रस्त्यानं गेली. जैनी पाठ करून उभी, हातातला पदर पिळत होती. मी पाटी तीनदा वाचली. मनात म्हटलं, आता ट्रे. आता नळी, पत्र, नागपूर, विळा.

आणि मग पानांवर आवाज झाला. आधी एकच टप्प. मग थोडं थांबून तडतड. मग अशी सलग तडतड की जनरेटरच्या शेडवर बसलेली साळुंकी उडाली. थांबेचना. मामानं हळूच "शूऽऽ" केलं, म्हणजे श्रेय थोडं त्यालाही. जैनीनं पदर तोंडात कोंबला आणि खांदे हलवत हसत राहिली. मी आजाच्या कोपराला इतकी घट्ट धरून होते की कोणी कोणाला सावरलं आहे ते कळेना.

आजा खुर्चीत बसला. मी पोटावर हात ठेवला. मऊ. नारळ कुठेच नव्हता.

"नळी?" त्यानं विचारलं.

"नाई," मी म्हटलं.

वॉर्डात परतल्यावर ट्रे उचलून ठेवला आणि नोंदवही उघडली. वेळ लिहिली. पुढच्या रकान्यात किती मिलिलिटर ते लिहायचं होतं. पेन चावत बसले आणि शेवटी लिहिलं, सागाखाली, भरपूर. त्यानंतर संध्याकाळपर्यंत सागापर्यंत आणखी दोन फेऱ्या झाल्या. मामा म्हणाला, एवढ्या फेऱ्या तर मी माझ्या लग्नातही घातल्या नव्हत्या.

मंगळवारी डॉक्टरांनी वही वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"सिस्टर, भरपूर म्हणजे किती?"

"साहेब, मोजायचं भांडं त्याला नको होतं. पंधरावीस पानं भिजली."

त्यांनी स्वतः आजाच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. मग खिशातलं नागपूरचं पत्र काढलं आणि चार घड्या घालून परत खिशात ठेवलं. "मग शुक्रवारी का नाही झाली?"

"शुक्रवारी आपण विचारलं नव्हतं."

माणूस चांगला होता. वाद घातला नाही, कपाटावरचा कागद काढून आणला आणि माझ्यापुढे धरला. मी पेनानं खाली एक ओळ वाढवली, घरी लघवीला कुठे जाता? पुढे तो कागद टाइप झाला, फ्रेममध्ये गेला, पण ती ओळ माझ्याच शब्दांत राहिली. माझ्यानंतरच्या मुली ती विचारतात. कुणी सांगतं परसात, कुणी सांगतं नाल्यापलीकडे, सिरोंचाकडचे एक आजोबा म्हणाले होते, नदीकडे तोंड करून. जे शक्य असतं ते करतात. खुर्ची खिडकीपाशी नेऊनही कधी कधी भागतं.

मात्र त्या ओळीच्या आधीचे जे गेले, त्यांचं काय? गाठ आहे म्हणून, वय झालं म्हणून, ऐकत नाही म्हणून आम्ही ज्यांना पुन्हा नळ्या घातल्या, त्यांतल्या कितीजणांना नुसतं छप्पर नको होतं? मी नावं आठवून पाहते. चेहरे आठवतात, भिंतीकडे वळलेले.

डुंगा आजा दोन दिवसांनी घरी गेला, सळई आत आणि नळी बाहेर. दीड महिन्यानं दाखवायला आला. मी वॉर्डाच्या दारात उभी होते. जीपमधून उतरला, काठी टेकत, एक पाय जरा ओढत, पण स्वतःच्या पायांनी. मी पुढे झाले तर त्यानं हात वर करून मला जागीच थांबवलं. जैनीला थांबवलं. आणि एकटाच, मोहाला वळसा घालून, जनरेटरच्या शेडमागे गेला.

मामानं दोनच दिवसांपूर्वी तिथली पानं झाडून जाळली होती. त्यामुळे आवाज काही आला नाही. मी मात्र कान देऊन उभी होते.

थोड्या वेळानं तो काठी टेकत परत आला. माझ्यापुढे उभा राहिला, श्वास घेतला. मी तोंड उघडलं, पण मला विचारू द्यायचंच नाही असं त्यानं ठरवलेलं असावं.

"जोहार, बाई," तो म्हणाला. "झाली."